बिनतारी बटण दाबल्यावर दिवा उशिरा लागतो : उशीर नेमका कुठे होतो ते कसे शोधावे

घरात बिनतारी स्विच बसवल्यावर पहिले काही आठवडे सगळे सुरळीत चालते आणि मग एके दिवशी बटण दाबल्यापासून दिवा लागेपर्यंत एक-दोन सेकंद जाऊ लागतात. सेल बदलला किंवा राउटर बंद करून पुन्हा चालू केला की चार दिवस बरे जातात आणि तक्रार पुन्हा उभी राहते. आमच्या नाशिकच्या दुमजली घरात गेल्या दोन वर्षांत ही तक्रार अनेकदा परत आली आणि दर वेळी कारण निराळे निघाले. बाबा रात्री उठतात तेव्हा पलंगाशेजारच्या बटणाने जिन्यावरचा दिवा लावतात, आणि दीड सेकंदाचा अंधार म्हणजे त्यांचे पाऊल पहिल्या पायरीवर पडून गेलेले असते. म्हणून हा प्रश्न मी सोयीचा मानत नाही, सुरक्षिततेचा मानतो, आणि जे सापडले ते इतरांना उपयोगी पडावे अशा तपशिलाने लिहितो आहे.

साधारण एक दशांश सेकंदाच्या आत दिवा लागला तर बटण आणि दिवा यांच्यामध्ये काही घडते आहे हे जाणवतच नाही. अर्ध्या सेकंदाच्या पुढे गेले की माणूस बटण पुन्हा दाबतो, आणि बटणाची आज्ञा ‘लागलेला असेल तर विझव, विझलेला असेल तर लाव’ अशा उलटापालटीची असेल तर दुसऱ्या दाबण्याने नुकताच लागलेला दिवा विझतो. ‘दिवा लागून लगेच जातो’ अशा अनेक तक्रारींचे मूळ यातच असते. ज्या बटणाला दोन कळा आहेत त्याची एक कळ केवळ लावण्यासाठी आणि दुसरी केवळ विझवण्यासाठी ठेवली तर हा गोंधळ त्याच दिवशी संपतो, आणि खरा उशीर किती आहे हेही स्वच्छ दिसू लागते.

काहीही बदलण्याआधी उशीर मोजावा, कारण अंदाजाने केलेल्या दुरुस्त्यांमुळेच हा दोष पुन्हा पुन्हा उद्भवतो. बहुतेक मोबाइलमध्ये संथगतीचे चित्रीकरण असते. सेकंदाला २४० चित्रांच्या वेगाने बटण आणि दिवा दोन्ही एकाच चौकटीत येतील असे चित्रीकरण केले की एक चित्र म्हणजे सुमारे चार सहस्रांश सेकंद होतो, आणि बोट टेकल्यापासून उजेड पडेपर्यंतची चित्रे मोजता येतात. चोवीस चित्रे म्हणजे एक दशांश सेकंद. बोर्डामागे रिलेचे, म्हणजे आज्ञेवरून दिव्याची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कळीचे, मॉड्यूल बसवलेले असेल तर याहून सोपी परीक्षा कानाची आहे. आज्ञा पोचताच रिले ‘टक्’ असा आवाज करते. बटण दाबणे आणि टक् यांच्यामध्ये जो वेळ जातो तो बिनतारी वाटेचा, आणि टक् झाल्यावर उजेड पडेपर्यंतचा वेळ दिव्याचा स्वतःचा. आमच्या जिन्यावरची एलईडी पट्टी साध्या तारेच्या बटणानेही जवळजवळ अर्धा सेकंद घेऊनच लागत होती, कारण तिच्या आतला ड्रायव्हर, म्हणजे तिला योग्य वीज पुरवणारा भाग, वीज मिळाल्यावर स्थिर व्हायला तेवढा वेळ घेतो. ती पट्टी बदलली आणि निम्मा उशीर गेला. त्याआधी मी महिनाभर नेटवर्कला दोष देत होतो. स्मार्ट बल्बच्या बाबतीत हळूहळू उजळण्याची वेळही तपासावी, कारण अनेक बल्ब मुळातच काही दशांश सेकंद घेऊन उजळतील असे ठरवलेले असतात. ती वेळ शून्य केली की बल्ब एकदम चपळ झाल्यासारखा वाटतो.

यानंतर उशिराचा स्वभाव पाहावा, कारण निदान बहुतांशी तेथेच होते. प्रत्येक दाबाला सारखाच उशीर होतो, की बराच वेळ न वापरल्यावर फक्त पहिल्या दाबाला होतो, की तो संध्याकाळी वाढतो, की वीज जाऊन आल्यावर सुरू होतो, हे आठवडाभर कागदावर लिहून ठेवावे. या प्रकारांची मुळे बहुधा वेगवेगळी असतात आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

दर दाबाला सारखाच उशीर होत असेल तर आज्ञा घराबाहेर जाऊन परत येते आहे का, हे आधी पाहावे. पुष्कळ स्वस्त वायफाय स्विचांमध्ये बटणाची आज्ञा निर्मात्याच्या सर्व्हरवर जाते, तेथे नियम तपासला जातो आणि मग ती आपल्याच भिंतीतल्या मॉड्यूलकडे परत येते. परीक्षा सोपी आहे. राउटर चालू ठेवून त्याला इंटरनेट आणणारी तार तेवढी काढावी आणि बटण दाबून पाहावे. दिवा लागलाच नाही तर आज्ञा बाहेरूनच येत होती हे सिद्ध झाले, आणि मग घरातल्या वायफायमध्ये कितीही सुधारणा केली तरी फरक पडणार नाही. त्याऐवजी घरातच निर्णय घेणारा हब, म्हणजे सगळ्या उपकरणांना जोडणारे मधले यंत्र, वापरणे, किंवा स्थानिक नियंत्रण मानणारी उपकरणे निवडणे हाच उपाय आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये स्मार्ट उपकरणांसाठीच्या मॅटर या सामाईक मानकाची पहिली आवृत्ती आली, तिचा पायाच स्थानिक नियंत्रणाचा आहे. आवाजाने दिवा लावणाऱ्यांनी मात्र हे लक्षात ठेवावे की बोललेले वाक्य समजून घेण्याचे काम बहुधा बाहेरच होते, तेव्हा त्या वाटेला बटणाच्या मापाने मोजू नये.

सारख्या उशिराचे दुसरे कारण बटणातच दडलेले असते आणि ते फार कमी लोकांच्या ध्यानात येते. जे बटण एकदा दाबणे, दोनदा दाबणे आणि दाबून धरणे यांतला फरक ओळखते, त्याला पहिल्या दाबानंतर थोडे थांबावेच लागते, कारण दुसरा दाब येणार आहे की नाही हे त्याला आधी कळू शकत नाही. हे थांबणे साधारण पाव ते अर्धा सेकंद असते. सेल नवा घाला, हब शेजारी आणून ठेवा, हा वेळ कमी होत नाही. काही बटणांमध्ये दुहेरी दाबाची सोय बंद करता येते, ती बंद करावी. तशी सोय नसेल तर जिना, स्वच्छतागृह आणि स्वयंपाकघर अशा ठिकाणी एकाच दाबाचे साधे बटण लावावे आणि अनेक कामांचे बटण दिवाणखान्यात ठेवावे.

आता त्या प्रकाराकडे येतो ज्याने आम्हांला सर्वांत जास्त छळले. सकाळचा पहिला दाब वाया जायचा किंवा दोन-तीन सेकंदांनी पोचायचा, आणि नंतरचे दाब व्यवस्थित चालायचे. झिगबी ही घरगुती उपकरणांची कमी विजेवर चालणारी बिनतारी पद्धत. तिच्या जाळ्यात सेलवर चालणारे बटण बहुतेक वेळ झोपलेले असते. ते थेट हबशी बोलेलच असे नाही. जवळच्या एखाद्या विजेवर चालणाऱ्या उपकरणाला ते आपला पालक मानते आणि दाबल्यावर जागे होऊन निरोप त्याच्याच हाती देते. आमच्या बटणाचा पालक होता पॅसेजमधला स्मार्ट बल्ब. आई रोज रात्री झोपण्यापूर्वी, आयुष्यभराच्या सवयीप्रमाणे, त्या बल्बचे भिंतीवरचे बटण बंद करत असे. बल्बची वीज गेली की पालकच नाहीसा होई, आणि सकाळी बटण जागे होऊन हाका मारी तेव्हा उत्तर द्यायला कोणी नसे. मग ते नवा पालक शोधून पुन्हा जाळ्यात शिरे, आणि त्या शोधातच दोन-तीन सेकंद जात.

यात आईचे काहीच चुकले नव्हते. भिंतीवरचे बटण बंद करणे ही योग्यच सवय आहे, आणि घराच्या रचनेने ती गृहीत धरली पाहिजे. म्हणून नियम असा करावा की ज्या उपकरणाची वीज घरातले कोणीही सहज बंद करू शकते, त्याच्यावर जाळ्याचा भार टाकू नये. निरोप पुढे पोचवण्याचे काम कायम वीज मिळणाऱ्या उपकरणांकडे असावे, म्हणजे बोर्डामागची न्यूट्रल (विजेची परतीची तार) जोडलेली रिले मॉड्यूल किंवा उंचावरच्या प्लगमध्ये कायमचे बसवलेले स्मार्ट प्लग. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूल दिव्यातून झिरपणाऱ्या अगदी थोड्या विजेवर जगतात आणि त्यामुळे ती बहुधा दुसऱ्याचे निरोप पुढे नेत नाहीत, हे खरेदीच्या वेळी विचारून घ्यावे. आपल्याकडे ज्या बोर्डावर प्लग पॉइंट असतो त्यात न्यूट्रल आलेली असतेच. नुसत्या दिव्यांच्या बोर्डात ती नसू शकते. तेव्हा मॉड्यूल प्लग पॉइंटच्या बोर्डात बसवता आले तर उत्तम. बोर्ड उघडण्याचे काम एमसीबी पाडून, टेस्टरने खात्री करून आणि शक्यतो परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. आत २३० व्होल्ट असतात.

स्मार्ट बल्ब ठेवायचेच असतील तर त्यांची वीज तोडणारी भिंतीवरची कळ काढून तेथे बिनतारी बटण बसवावे, म्हणजे हात जुन्याच जागी जाईल आणि बल्बची वीज मात्र तुटणार नाही. आम्ही तेच केले. आईला काही नवे शिकावे लागले नाही आणि सकाळच्या पहिल्या दाबाची तक्रार थांबली.

तिसरा प्रकार वीज जाऊन आल्यानंतरचा. आमच्या भागात पावसाळ्यात वीज वरचेवर जाते आणि ती परत आल्यावर स्विच कधीकधी मंद होत, पण प्रत्येक वेळी नाही. हे ‘प्रत्येक वेळी नाही’ फार दिवस कोड्यात टाकणारे होते. उत्तर मिळाले ते वारंवारितेच्या हिशेबात. झिगबी आणि वायफाय दोघेही २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात राहतात. झिगबीच्या ११ ते २६ अशा सोळा वाहिन्या आहेत. त्या २४०५ मेगाहर्ट्‌झपासून २४८० पर्यंत दर पाच मेगाहर्ट्‌झवर एक अशा बसलेल्या आहेत आणि प्रत्येकीची रुंदी जेमतेम दोन मेगाहर्ट्‌झ आहे. वायफायची एक वाहिनी मात्र वीस मेगाहर्ट्‌झ व्यापते. वायफायची वाहिनी १ झिगबीच्या ११ ते १४ वर पसरते, वाहिनी ६ ही १६ ते १९ वर आणि वाहिनी ११ ही २१ ते २४ वर. मोकळ्या फटी उरतात त्या १५, २०, २५ आणि २६ या. आमचा हब १८ वर होता आणि राउटरची वाहिनी ‘स्वयंचलित’ ठेवलेली होती. वीज येऊन राउटर नव्याने सुरू झाला की तो आजूबाजूचे वायफाय पाहून स्वतःच वाहिनी निवडे. १ किंवा ११ निवडली तर सगळे ठीक चाले. ६ निवडली की तो थेट आमच्या झिगबीवर येऊन बसे, आणि पुढची वीज जाईपर्यंत तेथेच राही.

अशा टकरीत उशीर हळूहळू वाढत नाही, तो झटक्याने वाढतो. बहुतेक निरोप क्षणात पोचतात आणि एखादाच दीड सेकंद अडकतो, कारण पोच आली नाही तर निरोप पुन्हा पाठवण्याआधी झिगबीची उपकरणे साधारण तेवढी वाट पाहतात. मोजणीत ‘कधी शून्य, कधी दीड, मधले काहीच नाही’ असे आकडे दिसले तर सेल किंवा हब यांच्या मागे न लागता वाहिन्यांचा हिशेब आधी करावा.

उपाय दोन बाजूंनी करावा लागतो. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्‌झची वाहिनी १, ६ किंवा ११ अशी हाताने निश्चित करावी आणि रुंदी ४० न ठेवता २० मेगाहर्ट्‌झ करावी, कारण ४० वर एकच वायफाय पट्ट्याचा जवळजवळ अर्धा भाग खातो. फोन आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्‌झवर नेले तर वेगाची उणीव भासत नाही. मग झिगबी १५, २० किंवा २५ यांपैकी जी फट आपल्या राउटरपासून दूर आहे तिच्यावर न्यावा. आम्ही राउटर १ वर आणि झिगबी २५ वर ठेवला आहे. २६ ही वाहिनी काही उपकरणे स्वीकारत नाहीत किंवा तिच्यावर कमी शक्तीने बोलतात, म्हणून ती मी टाळतो. आपल्या देशात वायफायला १२ आणि १३ या वाहिन्याही मोकळ्या आहेत. शेजाऱ्याचा राउटर १३ वर असेल तर तो २५ आणि २६ दोन्ही झाकून टाकतो, तेव्हा मोबाइलवरच्या वायफाय पाहण्याच्या अॅपने आसपासची स्थिती एकदा तपासावी, आणि ती रात्री नऊच्या सुमारास तपासावी, जेव्हा सगळी इमारत घरी असते. संध्याकाळी वाढणाऱ्या उशिराचे कारणही बहुधा हीच गर्दी असते. झिगबीची वाहिनी बदलल्यावर झोपलेली सेलवरची बटणे मागे राहू शकतात आणि ती पुन्हा जोडावी लागतात. म्हणून हे काम सुटीच्या दिवशी काढावे आणि एकदाच नीट करावे.

हब म्हणून लहान संगणक आणि त्याला यूएसबी डोंगल (झिगबीचा रेडिओ असलेली छोटी कांडी) वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. यूएसबी ३ ची निळी खोबण आणि तिच्याला जोडलेली हार्ड डिस्क २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट निर्माण करते. इंटेलने २०१२ मध्येच यावर एक टिपण प्रसिद्ध केले होते. आम्ही बॅकअपसाठी डिस्क लावली त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरची बटणे मंद झाली, आणि मी तो संबंध जोडला नाही, कारण डिस्क आणि दिवा यांचा काही संबंध असेल असे मनातच येत नाही. डोंगल यूएसबी २ च्या खोबणीत, मीटर-दीड मीटरच्या वाढीव तारेने संगणकापासून दूर, राउटरपासूनही दूर आणि टेबलाच्या उंचीवर ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. ज्यांनी तो केलेला नाही त्यांनी बाकी काही करण्याआधी तो करावा.

भिंतींबद्दल थोडक्यात. आपल्याकडची भिंतीत पुरलेली बोर्डाची पेटी पुष्कळदा जीआय पत्र्याची असते, आणि तारांच्या गुंत्याखाली तळाशी दडपलेले मॉड्यूल एका लोखंडी डब्यातून बोलत असते. पुढची पट्टी प्लास्टिकची असल्याने तेवढीच वाट मोकळी असते. मॉड्यूल पुढे, पट्टीच्या लगत आणावे, आणि त्याला ॲंटेनाची बारीक तार असेल तर ती गुंडाळून न ठेवता पट्टीच्या मागे सरळ पसरावी. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज आणि पाण्याची टाकी यांच्या आड हब ठेवू नये.

वायफायवर चालणाऱ्या मॉड्यूलचा ‘पहिला दाब उशिरा’ हा आजार झिगबीसारखाच दिसतो, पण कारण वेगळे असते. ही मॉड्यूल वीज वाचवण्यासाठी रेडिओ मधूनमधून झोपवतात आणि राउटरच्या ठराविक हाकेला जागी होतात. ती हाक साधारण दर एक दशांश सेकंदाला येते. सर्वांना उद्देशून असलेले निरोप तर अनेक राउटरमध्ये दर दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाकेलाच सोडले जातात. बराच वेळ शांतता असेल तर हबला आधी ‘हा पत्ता कोणाचा’ असे सर्वांना विचारावे लागते, आणि झोपेतल्या मॉड्यूलने तो प्रश्न चुकवला तर तो एक सेकंदाने पुन्हा विचारला जातो. संगणकावरून त्या मॉड्यूलला पिंग करून, म्हणजे छोटे निरोप पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजून, पाहावे. पहिला आकडा मोठा आणि पुढचे लहान आले तर हेच कारण आहे. मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये वीज-बचत बंद करता येत असेल तर ती करावी, कारण भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या वस्तूला त्या बचतीचा फारसा उपयोग नाही. इंटरनेट कंपनीने दिलेला राउटर वीस-पंचवीस उपकरणांनंतर दमत असेल तर दिव्यांसाठी वेगळा राउटर ठेवणे योग्य ठरते.

एका बटणाने सहा दिवे लावताना ते एकामागून एक लागत असतील तर हब सहा वेगळ्या आज्ञा पाठवतो आहे असे समजावे. झिगबीमध्ये त्या दिव्यांचा गट करून एकच आज्ञा गटाला दिली की सगळे जवळजवळ एकदम लागतात.

जिन्यावरच्या दिव्यासाठी शेवटी आम्ही हबवर विसंबणेच सोडले. झिगबीत बटण आणि रिले यांची थेट बांधणी करता येते, म्हणजे हब बंद असला तरी बटणाची आज्ञा रिलेपर्यंत पोचते. सगळी बटणे ही सोय देत नाहीत, म्हणून घेण्याआधी विचारावे. शिवाय रिलेच्या मागे जिन्याच्या पायथ्याशी आणि माथ्याशी तारेची जुनी बटणेही जोडून ठेवली आहेत. ती थेट मॉड्यूललाच कळवतात आणि त्यांना रेडिओची गरज पडत नाही. थेट बांधणीनंतर संथगतीच्या चित्रीकरणात बिनतारी बटणापासून उजेडापर्यंत पंचवीस-तीस चित्रे भरतात.

राउटर आणि हब आता इन्व्हर्टरच्या लाइनवर आहेत, त्यामुळे वीज गेली तरी ते नव्याने सुरू होत नाहीत. ठरवलेल्या दोन्ही वाहिन्यांचे आकडे, प्रत्येक बटणात सेल घातल्याची तारीख आणि कोणते मॉड्यूल कोणत्या बोर्डात आहे हे मी मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवून ठेवले आहे, जेणेकरून मी घरी नसताना आलेल्या वायरमनलाही ते वाचता येईल.